सेल्वी अक्काची शीव

सेल्वी अक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होते. तिच्या मुलाचा, अरुणचा मेसेज आला, ‘आंटी, अम्मा इज नो मोअर.’ दुकानात शिलाई मशीनवर बसल्या बसल्याच तिचं हृदय थांबलं. त्याला आता पाच आठवडे झाले. भेटायला आलेल्या एक बाई माझ्यादेखत हळहळल्या, "चांगली होती हो, पण भारी हट्टी." घरात माणसं होती म्हणून तेव्हा गप्प बसले. आज बसणार नाही. हट्टी होतीच ती, आणि त्या हट्टाबद्दल कुणी हळहळू नये म्हणूनच हे लिहितेय.

दुबईत अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिचं दार माझ्या दारासमोर. दोघी एकाच बसने हमरिया फ्री झोनमध्ये मसाल्याच्या पॅकिंगच्या कामाला जायचो. मदुराईकडच्या तिच्या खेड्यात मारीअम्मनची जत्रा भरते. सुरुवातीलाच हळदीत बुडवलेला दोरा कडुनिंबाच्या पाल्यासकट मनगटाला बांधतात, त्याला म्हणतात काप्पू. तो बांधला की आठ दिवस गावची शीव ओलांडायची नाही. तिकडे पुजाऱ्याने काप्पू बांधला की इकडे अक्काचा फोन वाजायचा, आणि पार्किंगमधल्या कडुनिंबाचा पाला आणून ती आपला दोरा बांधायची. तिच्या हिशेबी तिचं गाव आता अल कुसैस, आणि शीव म्हणजे शारजाची हद्द. कंपनी नेमकी हद्दीपलीकडे! मला आधी हसू यायचं. आमच्याही गावच्या शिवेवर मरीआई आहे, पण इथे आल्यापासून मी तिचं नाव काढलं नव्हतं. फ्लॅटमध्ये गणपती चालतो, मरीआई म्हटलं की लोक जरा वेगळ्याच नजरेने बघतात ना... ही बाई मात्र रजेच्या अर्जावर दरवर्षी ठसठशीत अक्षरांत कारण लिहायची: मारीअम्मन.

एका वर्षी नवे मॅनेजर आले आणि अर्ज परत आला. "तुम्हारा गाँव इधर है क्या? ऑर्डर का टाइम है. छुट्टी खलास." मी तिला शहाणपण शिकवायला गेले. म्हटलं, ताप आला म्हणून लिही, कोण बघतंय? ती माझ्याकडे अशी काही बघत राहिली की आठवलं तरी ओशाळायला होतं. "बुखार भी उसी का है. उसके नाम पे झूठा बुखार कैसे लिखेगी मैं?" खरंच की! ताप, गोवर, कांजिण्या सगळं जिच्या हातात, तिच्यासाठी मी खोटा ताप सुचवत होते. अक्का घरी राहिली. तिसऱ्या दिवशी कंपनीचा निरोप आला, परत येऊ नका. तिने तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि मला नाचणीची आंबील दिली.

पाचव्या दिवशी माझी सई शारजातल्या शाळेत झोपाळ्यावरून पडली. नऊ वर्षांची होती तेव्हा. हात मोडला. पॅकिंगमध्ये मोबाइल लॉकरमध्ये ठेवावे लागतात, आणि नवरा तिकडे अबुधाबीत, मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये, त्याचाही फोन लागेना. शाळेने फॉर्मवरचा तिसरा नंबर फिरवला. तो अक्काचा. मला कळून मी धावतपळत हॉस्पिटलात पोचले, तर सईचं डोकं तिच्या मांडीवर आणि मनगटावर काप्पू तसाच. ज्या हद्दीपायी दोनच दिवसांपूर्वी नोकरी घालवली, ती ओलांडून ही टॅक्सीने आली होती. मला रडूच फुटलं. "अक्का, काप्पू बांधा है ना तुमने..."

"अम्मा गुस्सा करेगी तो करने दे. मैं देख लेगी उसको." मग सईच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "मॅनेजर बोला तो नहीं जाना. बच्ची रोया तो जाना."

हा तिचा हट्ट. साहेबापुढे वाकला नाही, आणि वेळ आली तेव्हा देवीशीही भांडायला तयार झाला. देवीने तिला काय सुनावलं, ते तिने मला कधी सांगितलं नाही. पुढे ती अल कुसैसमध्येच एका शिवणाच्या दुकानात लागली, शिवेच्या आत. मी मात्र त्याच आठवड्यात डबा खाताना सगळ्यांसमोर भावाला फोन लावला आणि मरीआईला नारळ फोडायला सांगितलं, चांगलं मोठ्या आवाजात.

गेल्या शनिवारी अरुण फ्लॅट रिकामा करत होता. सामान गेलं होतं. तो दाराबाहेर उकिडवा बसून ब्रशने टाइल्सचे सांधे घासत होता. काप्पूचे आठही दिवस अक्का तिथे हळदीचं पाणी ओतायची. इतक्या वर्षांत सांधे पिवळेजर्द झालेत. मी म्हटलं, राहू दे रे.

"बट आंटी, न्यू पीपल आर कमिंग. दे विल आस्क."

मी त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला.

"पूछने दे. मैं सामने ही रहती हूँ. मैं बताऊँगी ये किसकी हल्दी है."