गिरणीत बदाम

गेलेल्या माणसाचा वाढदिवस करायचा असतो का नसतो?

खरंच विचारतोय. आईला विचारलं, तर तिनं घासलेलीच भांडी पुन्हा घासायला काढली. बाबांना विचारलं, तर ते चप्पल घालून शेताकडं निघाले. गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, "वर्ष भरलं की श्राद्ध करा." अहो, श्राद्धाचं कोण विचारून राहिलंय!

मग मी माझ्याच डोक्यानं चाललो. आणि माझं डोकं चाललं की काय होतं, ते आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला? चहा घ्या आधी. अख्ख्या लोहा गावात शोभा झाली माझी!

माझी थोरली बहीण, अक्का, होळीच्या आसपास गेली. लहानपणापासून शुगर, शेवटी किडनीनं दगा दिला. तिच्या वाढदिवसाला आमच्याकडं केक नसायचा. काकडी कापायचो, काकडी! वर मेणबत्ती खोचलेली. नांदेडच्या दवाखान्यात पडल्या पडल्या तिला मोबाईलवर एक बाई सापडली. मैदा नाही, साखर नाही. बदामाचं पीठ, फळं आणि अक्रोड घालून छोटे छोटे मफिन करून दाखवत होती. "एकदम सोपं," असं बाई दर दोन वाक्यांनी म्हणायची.

अक्का म्हणाली, "बाळू, औंदा वाढदिवसाला हेच."

मी म्हणालो, "हेच."

वाढदिवस आला. अक्का नव्हती. पण शब्द तर मी दिला होता ना? मग करायचे म्हणजे करायचे!

आता मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. पण बदामाचं पीठ म्हणजे काय, एवढं कळतं की मला. बदाम आणायचे आणि त्यांचं पीठ करायचं. पीठ कुठं होतं? गिरणीत!

सकाळीच बदामाची पिशवी घेऊन अन्वरचाचांच्या गिरणीत हजर. पुढं मुक्ताकाकू ज्वारीचा डबा घेऊन उभ्या. आमच्याच गल्लीतल्या. तोंड असं की भांडणाला माणूस मिळाला नाही, तर खांबाशी भांडतील.

मी विचारलं, "चाचा, आत्ता काय दळलं?"

"ज्वारी."

"मग जमत न्हाई. आतली ज्वारी झाडून काढा. माझ्या पिठात धान्याचा कणबी आला न्हाई पाहिजे."

"उपासाचं हाय का?"

"त्याच्याहून कडक हाय!"

चाचांनी बिचाऱ्यांनी ब्रश फिरवला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले. आता थांबायचं की नाही? थांबलो असतो, तर मी कसला बाळू! निम्मी पिशवी गिरणीच्या वरच्या तोंडात ओतली आणि बटण दाबलं.

आधी छान आवाज आला. मग गिरणी गुरगुरली. मग किंचाळली! पट्टा घसरायला लागला, जळका वास सुटला. खाली मी डबा धरून बसलेलो, आणि पीठ पडायच्या कापडी नळीतून पीठ काही येईना. मी नळी दाबली. तर आतून लोण्यासारखा एक तपकिरी गोळा थपकन डब्यात!

चाचा धावत आले. बटण बंद केलं. "काय टाकलंस रे?"

"बदाम."

"बदाम? अबे, गिरणी हाय ही! तेलाचा घाणा हाय का?"

"पीठ पाहिजे होतं, चाचा."

"घरी मिक्सर न्हाई?"

"हाय की."

"मग?"

मी डब्यातला गोळा बोटानं चाचपून बघितला.

मुक्ताकाकूंनी डबा आपटला. "मी भाकरी कशाच्या थापू? ह्याच्या डोस्क्याच्या?"

मग काय! चाचांनी दगड उघडले, मी तारेचा ब्रश घेऊन बसलो. घासतोय, खरवडतोय, पुसतोय. बदामाचं तेल दगडात असं मुरलं होतं की विचारू नका. दगड लग्नातल्या नवरदेवासारखे चमकायला लागले! शेवटी चाचा म्हणाले, "बस कर आता, दगड झिजवतो का?" मुक्ताकाकूंची ज्वारी दळून दिली आणि मी उरलेले बदाम घेऊन घरी पळालो.

ओट्यावर मिक्सर. शांत उभा. मला तर वाटलं, हसून राहिलाय.

फिर्र, फिर्र, झालं बदामाचं पीठ! अंडी फोडली, दही घातलं, अक्रोड ठेचले. बाईनं कुठली तरी निळी फळं घातली होती, ती लोह्यात कुठून आणू? जांभळं घातली. शुगरला चांगली असतात म्हणे. वर सोडा. कुकरमध्ये मिठाचा थर दिला, शिट्टी आणि रिंग काढली, आणि स्टीलच्या वाट्यांत मिश्रण भरून आत ठेवलं. झाकण उघडलं तर मफिनचा रंग असा दगडी, की रस्त्यावर पडले असते तर कुणी ठेच लागेल म्हणून वळसा घालून गेलं असतं.

अक्काच्या फोटोसमोर पहिली वाटी ठेवतोय, तोच दारात आरोळी.

"कुठंय तो बदामवाला?"

मुक्ताकाकू! एका हातात भाकरीचे तुकडे. मागं अन्वरचाचा, भांडण सोडवायला आलेले.

"वैनी, बघा तुमच्या लेकाचे पराक्रम! गिरणीत बदाम दळले ह्यानं! पीठ असं तेलकट झालंय, भाकरी तव्यावर टाकेपर्यंत हातातच तुटून राहिली. कशाला पाहिजे होतं रे तुला बदामाचं पीठ?"

आई आतून आली. तिनं माझ्याकडं बघितलं, वाट्यांकडं बघितलं, मग फोटोकडं.

"आज अक्काचा वाढदिवस हाय," मी म्हणालो. "तिला चालंल असं केलंय."

मुक्ताकाकूंचा भाकरीचा हात खाली आला. मला वाटलं, आता आई रडणार, नाहीतर मला झोडपणार. तिनं दोन्ही केलं नाही. आत गेली, आमच्या डब्यातलं पीठ आणून काकूंच्या पदरात ओतलं, आणि पुन्हा जाऊन ताटल्या घेऊन आली.

सगळे खाली बसले. चाचांनी पहिला घास घेतला. बराच वेळ चघळला.

"गोड न्हाई रे."

"शुगरवाल्यांसाठी हाय, चाचा."

"मलाबी शुगर हाय. पण जीभबी हाय की!"

मुक्ताकाकू फस्सकन हसल्या. आणि आई हसली! होळीनंतर पहिल्यांदा. तोंडात मफिन तसाच, डोळ्यांतून पाणी, आणि हसून राहिली. मग अक्काच्या गोष्टी निघाल्या. कुणी भांडलं नाही, कुणी उठलं नाही.

सगळे गेल्यावर फोटोसमोरची वाटी तेवढी उरली.

आई म्हणाली, "उचल, मुंग्या लागतील."

सणाला, लग्नाच्या पंगतीला अक्काच्या ताटात कुणी लाडू वाढला, की ती गुपचूप माझ्या ताटात सरकवायची. मला कधी विचारावं लागलं नाही. मी वाटी उचलली, तिथंच बसलो, आणि कणसुद्धा ठेवला नाही.

घ्या! जन्मभर तिच्या वाटणीचं गोड मी खाल्लं. एकदाच तिला चालेल असं काही केलं, तर तेही मीच खाल्लं.