इंग्रज पैलवान आणि आप्पांची नजर

हे मी सुनंदाला सांगितलेलं नाही, आणि सुनंदा माझी बायको आहे. तेव्हा दुसऱ्या कुणाला सांगितलं असण्याचा प्रश्नच नाही. तिच्या वडिलांचा, आप्पांचा, विषय निघाला की ती पाहुण्यांना सांगते, "शेवटी शेवटी नजर गेली हो त्यांची, म्हणून मैदानात पंच म्हणून उभं राहणं सोडलं." मी मान हलवतो. कधी कधी वर "वय झालं होतं" असंही जोडतो. इतकी वर्षं हलवतोय की आता मान आपोआप हलते.

नजर गेली नव्हती. पण तिथपर्यंत यायला मला जरा वेळ लागेल. आधी इंग्रजाबद्दल सांगतो — त्याच्याबद्दल बोलणं सोपं आहे.

नव्वदच्या दशकात मी अबुधाबीत एका बांधकाम कंपनीच्या अकाउंट्समध्ये होतो. तेव्हा सुट्टी शुक्रवारी. आमच्या इमारतीतली मराठी मंडळी शुक्रवारी दुपारी चिकन खाऊन आमच्याकडे टीव्हीसमोर लवंडायची. एरवी हीच मंडळी आपल्या संस्कृतीबद्दल तासन्‌तास बोलायची, आणि बघायची काय, तर अमेरिकेतली कुस्ती. कुस्ती कसली — तोंडाला रंग फासलेले दांडगे माईकवर बोंबलायचे आणि एकमेकांना खुर्च्यांनी बडवायचे. आमचे इंजिनियर, बँकवाले, सगळे तोंड उघडं टाकून बघत बसायचे. मला त्यांची कीव यायची. खरं सांगायचं तर कीव नाही, तिरस्कार.

त्या सर्कशीत हा एक होता. ब्रिटिश. उत्तरेकडच्या कुठल्याशा गिरणीच्या गावचा. टक्कल, जाड मान, साधी काळी चड्डी. ना संगीत, ना आतषबाजी. रिंगणात शिरण्याआधी काठावर थांबून बूट पुसायचा — दोन्ही, सावकाश, आपण दारातल्या पायपुसण्यावर पाय पुसतो तसे. मग समोरच्याचं मनगट धरायचा. मनगट एकदा त्याच्या हातात गेलं की बाकीचा माणूस हळूहळू मागोमाग जायचा. आम्ही त्याला नुसतं 'इंग्रज' म्हणायचो.

त्याची सगळी कारकीर्द मला पाठ होती. पोरवयात समुद्रकाठच्या हॉलमध्ये, विणकाम करत बसलेल्या म्हाताऱ्यांसमोर खेळला. मग जपानला गेला, तिथे मार खाऊन शिकला. अमेरिकेत त्याला खलनायक केलं — गोरा इंग्रज, चांगलं बोलतो, म्हणजे दुष्टच असणार. लोक शिव्या द्यायचे. तो बूट पुसायचा. आणि मग त्या शिव्या देणाऱ्या लोकांनीच एक दिवस, तो गुडघा धरून लंगडत बाहेर जाताना, उभं राहून टाळ्या वाजवल्या. ते मी पाहिलंय. तेव्हा मीही सोफ्यावरून उठून उभा राहिलो होतो, हेही आज सांगून टाकतो.

हे सगळं आधी ठरवलेलं असतं, हे मला माहीत होतं. आमच्या ऑफिसातला मार्टिन नावाचा मॅनेजर इंग्रजाच्याच भागातला, त्यानेच सांगितलं होतं. उलट त्यामुळे इंग्रज मला जास्तच आवडायला लागला. खोटं इतकं नीटनेटकं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता. मी हिशेबाच्या धंद्यातला, मला त्याची कदर होती.

मार्टिनकडून आणखी एक गोष्ट मिळायची. इंग्लंडात दिसलेल्या कुस्त्या आमच्याकडच्या चॅनेलवर तीन-चार आठवड्यांनी दिसायच्या. मार्टिनचा भाऊ त्याला फोनवर सगळे निकाल सांगायचा, आणि मार्टिन चहाच्या वेळी मला. मग शुक्रवारी मी सोफ्यावर रेलून सहज म्हणायचो, "आज हा पडणार." आणि तो पडायचा. मंडळी थक्क. समोरच्या फ्लॅटमधला कुलकर्णी तर म्हणायचा, "साहेब, तुमची नजर म्हणजे कमाल आहे. यू आर एक्सपर्ट, बॉस." मी कधी नाही म्हणालो नाही. कशाला म्हणू? फुकट मिळत होतं.

इथपर्यंत ती नुसती बढाई होती. मग आप्पा आले.

सासूबाई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात सुनंदाने त्यांना व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. आप्पा तालुक्याच्या शाळेत पीटीचे मास्तर होते, पण त्यांची ओळख ती नव्हे. आसपासच्या जत्रांत कुस्तीचं मैदान भरलं की पंच म्हणून आप्पाच. त्यांनी निकाल दिला की हरलेला पैलवानही पाया पडून जायचा. एकदा एका आमदाराच्या पठ्ठ्याची कुस्ती त्यांनी भर मैदानात थांबवली — ही नुरा आहे, आधीच ठरवून खेळताय, चला बाहेर — आणि आमदार समोर बसलेला असताना दोघांना मातीतून हाकललं. हे मला लग्नापासून प्रत्येक दिवाळीत ऐकवलं गेलं होतं.

आणि दुसरंही एक होतं, जे फक्त माझ्या लक्षात होतं. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा आप्पांनी चहाच्याही आधी माझं मनगट धरलं, दंड दाबून पाहिला, आणि आतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हाड बरं आहे. मांस नाही." सगळं घर हसलं. सुनंदासुद्धा — पडद्याआडून मला ऐकू आलं. लग्नानंतर मात्र मी जावई. जावईबापू बसा, जावईबापू घ्या. स्वतःपेक्षा कितीतरी लहान माणसाला अहो-जाहो करायचे. मी तो मान घेतला आणि ते वाक्यही विसरलो नाही. इतक्या छोट्या गोष्टीवर माणूस किती वर्षं जगू शकतो, नाही का?

पहिल्या शुक्रवारी त्यांनी टीव्ही पाहिला आणि तोंड फिरवलं. "ही काय थेरं." पण मग इंग्रज आला. त्याने बूट पुसले. आप्पा हळूच खुर्ची पुढे ओढून बसले. "हा तालमीतला आहे," म्हणाले. "जागेचा मान ठेवतो." त्याने मनगट धरलं तसा आप्पांचाही हात मांडीवर वळला. त्या दिवसापासून म्हातारा आठवडाभर शुक्रवारची वाट बघायचा. आम्ही दोघं एकाच माणसावर लुब्ध होतो — मी त्याच्या खोटेपणावर आणि आप्पा त्याच्या खरेपणावर.

इथे मी सांगायला हवं होतं, की आप्पा, ही नुरा आहे. एका वाक्यात संपलं असतं. पण मग गंमत कुठली?

पुढच्या शुक्रवारी आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "इंग्रज जिंकणार. समोरच्याचा श्वास बघा, छातीत अडकलाय." मी म्हणालो, "नाही आप्पा, इंग्रज पडणार. गुडघ्यामुळे." इंग्रज पडला. गुडघ्यामुळेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेच, आणि नंतरही तेच. आप्पा पाय बघायचे, मान बघायचे, दम बघायचे, आणि जे दिसायचं ते बोलायचे. ते चुकायचे. मी नखं बघत बोलायचो, आणि बरोबर यायचो. मंडळी आधी आदराने गप्प बसायची, मग हसायला लागली. कुलकर्णी म्हणाला, "आप्पा, तुमचा काळ गेला, आता जावईबापूंना गुरू करा." माझा ओंकार सात-आठ वर्षांचा, तो सोफ्यावरून ओरडला, "आजोबा इज रॉंग अगेन." मी त्याला दटावलं नाही.

आप्पा चष्मा पुसायला लागले. पुन्हा पुन्हा, धोतराच्या सोग्याने. खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ आली की सुनंदा घाबरली आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, या वयाला उत्तम आहेत डोळे. ती आनंदाने सांगत आली. आप्पांना आनंद झाला नाही. डोळे चांगले आहेत, मग बिघडलंय कुठे, हा विचार त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसला. मी जेवत होतो. मी आणखी एक पोळी मागितली.

मग इंग्रजाची ती मोठी कुस्ती, अजिंक्यपदाच्या पट्ट्यासाठीची. आदल्या संध्याकाळी आप्पा बाल्कनीत माझ्याजवळ येऊन उभे राहिले. खाली गाड्या जात होत्या. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, एक विचारू? तुम्हाला कसं दिसतं ते? मी आयुष्यभर मातीत उभा राहिलो. मला काय दिसत नाही?"

विचारायला त्यांना किती दिवस लागले असतील? मी अशा माणसाला काय सांगितलं असेल? मी म्हणालो, "खांद्याकडे बघत जा आप्पा. सगळं खांद्यात असतं." तेव्हाच सुचलेलं काहीतरी. त्यांनी मान डोलावली, विद्यार्थ्यासारखी. दुसऱ्या दिवशी सगळी कुस्ती ते खांदे बघत राहिले, आणि इंग्रजाने पट्टा जिंकला तो त्यांना नीट दिसलाही नाही. मला मात्र तो शुक्रवार फार सुखाचा गेला.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. नाही. एवढंच असतं तर मी कधीतरी दारू पिऊन सुनंदाला सांगून टाकलं असतं, आणि ती आठवडाभर बोलली नसती, झालं.

आप्पा परत जायच्या आधी कुलकर्णीने बातमी आणली की दुबईत बंदराजवळच्या मोकळ्या वाळूत शुक्रवारी संध्याकाळी खऱ्या कुस्त्या होतात. पंजाबी कामगार, भारतातले आणि सीमेपलीकडचे, लंगोट लावून उतरतात. आम्ही आप्पांना घेऊन गेलो. वाळू दिसताच त्यांनी वहाणा काढल्या, वाकून चिमूटभर वाळू कपाळाला लावली. गर्दीने त्यांचा फेटा बघितला आणि पुढे जागा करून दिली. कितीतरी दिवसांनी म्हातारा ताठ बसला होता.

शेवटच्या कुस्तीत भांडण झालं. एक उंच, धिप्पाड गडी आणि एक बारकासा, काळासावळा. उंच्याने बारक्याला खाली घेतलं, दोघं वळले, वाळू उडाली, आणि अर्धे लोक ओरडले की पाठ टेकली, अर्धे ओरडले नाही टेकली. मध्ये उभा असलेला पंच गोंधळला. तो सरळ आप्पांकडे आला, हात जोडून म्हणाला, "चाचाजी, आपने देखा है. आप बोलिए, हम मान लेंगे."

आप्पा उठले. त्यांचा हात कमरेपासून वर निघाला — बारक्याच्या बाजूने. मी शेजारीच होतो, मी पाहिला. मग तो हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हात खाली घेतला आणि म्हणाले, "माझं नको. आमच्या जावयांना विचारा. त्यांची नजर आहे."

आता तेच सांगायचं राहिलंय.

मी पाहिलं होतं. मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही, पण आम्ही बसलो होतो त्या बाजूने सगळं उघडं दिसत होतं — त्या पोराचा एक खांदा वाळूपासून वर होता, खालून पलीकडचा उजेड दिसत होता. पाठ टेकली नव्हती. शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. आणि आप्पांनाही तेच दिसलं होतं. मी "नाही टेकली" म्हणालो असतो, तर तो हात बरोबर होता हे त्यांना कळलं असतं. तेवढ्यावर सगळं परत जागेवर आलं असतं — आप्पांची नजर त्यांच्याकडे, आणि मी माझ्या जागी.

मी बुटांसकट वाळूत गेलो आणि उंच्याचा हात वर केला.

बारका उठला. अंगावरची वाळू झटकली, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बुटांकडे बघितलं, आणि गर्दीत निघून गेला. लोकांनी मान्य केलं, कारण फेट्यावाल्या चाचांनी माझं नाव घेतलं होतं.

परत येताना मी गाडी चालवत होतो, आप्पा शेजारी, मागे कुलकर्णी झोपला होता. अबुधाबी जवळ आलं तेव्हा आप्पा म्हणाले, "तुम्ही दिलं ते बरोबरच असणार. मला मात्र उलटं दिसलं होतं. अगदी स्वच्छ दिसलं होतं, जावईबापू. त्याचीच भीती वाटते."

मी म्हणालो, "होतं असं, आप्पा. वय झालं की."

त्या वर्षी गावच्या जत्रेत त्यांनी पंचाचा फेटा घेतला नाही. लोक घरी आले, विनवण्या केल्या. त्यांनी हात जोडले — माझ्या हातून कुणा पोरावर अन्याय व्हायला नको. पुढे ते मैदानाकडे फिरकले नाहीत. इंग्रज निवृत्त झाला तेव्हा मी फोन केला होता, तर म्हणाले, "चांगलं केलं. दिसेनासं झालं की माणसानं उतरावं." दोन हजार सालानंतर थोड्याच दिवसांत आप्पा गेले.

टीव्हीवरची ती कुस्ती नुरा होती, हे त्यांना कधी कळलं नाही. वाळूतला त्यांचा हात बरोबर वर निघाला होता, हेही कळलं नाही. दोन्ही मला माहीत होतं, आणि मी त्यांच्यानंतरही अनेक वर्षं त्या घरात जावयाच्या पाटावर बसून जेवलो.