गडग्याच्या आत

‘प्रोटेक्टिव्ह’ हा शब्द मी रत्नागिरीच्या शाळेत तीस वर्षं शिकवला. फळ्यावर ठरलेलं उदाहरण: आई मुलांच्या बाबतीत प्रोटेक्टिव्ह असते. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, ज्याला राखायचं त्याला विचारायचं नाही का?" मी तिला खाली बसवलं. आगाऊ कार्टी, दुसरं काय!

निवृत्तीनंतर मी आमच्या आंब्याच्या बागेतल्या घरात राहायला आले. बागेभोवती चिऱ्यांचा गडगा आणि कोपऱ्यात राखणदाराचा, म्हणजे बाग राखणाऱ्या देवाचा दगड. वर्षातून एकदा त्याला नारळ द्यायचा आणि गावच्या म्हाताऱ्या गुरवाने सगळ्यांसाठी मागणं मागत गाऱ्हाणं घालायचं. शेवटी तो न चुकता म्हणतो, "येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट मोकळी ठेव," आणि आम्ही सगळे म्हणतो, "होय महाराजा!"

गेल्या वर्षी लेक तापाने फणफणून घरी आली. तिचे बाबा असेच तापात गेले होते, माझा धीरच सुटला. गुरव नेमका देवरूखला गेलेला. मग भर दुपारी मीच नारळ घेऊन दगडापाशी गेले आणि म्हटलं, "माझ्या पोरीला सांभाळ. गडग्याबाहेर जाऊ देऊ नको." वाट मोकळी ठेव, हे म्हणायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी ताप उतरला.

पोर बरी झाली, तिला खेडला नोकरी लागली. निघाली, तर स्कूटर गडग्याच्या तोंडाशी बंद. ढकलत आत आणली की लगेच चालू! दुसऱ्या दिवशी रिक्षा बोलावली, तिचंही तेच. तिसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन चालत निघाली. पाऊल बाहेर टाकलं मात्र, तिचं अंग असं तापलं की माझ्या हाताला चटका बसला. आत ओढली तर थंडगार. लख्ख ऊन होतं, तोंडावर वारा लागत होता, आणि बागेतलं एक पान हलत नव्हतं.

गुरवाला बोलावून सगळं सांगितलं.

"बाईनूं, वाट मोकळी मागितलीत काय?" तो म्हणाला. "नाही ना? मग तो तरी काय करणार! सांगितलंत तेवढं करतोय. नारळ घेऊन जा नि पुन्हा बोला. दुसऱ्या कुणी बोलून चालायचं नाही."

सोमवारी हजर झाली नाही तर तिची नोकरी जाणार होती. रविवारी मी नारळ घेऊन दगडापुढे उभी राहिले. मागे वळून पाहिलं, तर पोर ओटीवर गुणगुणत बॅग भरत होती. ती गेली की या घरात मी एकटी. चहा एकटीचा, जेवण एकटीचं. नको वाटलं हो मला. नारळ ठेवला, पण तोंड काही उघडलं नाही.

"बोललीस ना गं, आई?"

"बोलले की."

सोमवारी सकाळी स्कूटर गडग्यापाशी पोचली आणि बंद पडली. पोरीने दगडाकडे पाहिलंसुद्धा नाही. मान वळवून ती माझ्याकडेच बघत राहिली.

"एकदा मला विचारायचंस तरी, आई," ती म्हणाली.