‘सुरत’ नावाचा फोल्डर

संगणकवाल्याने मला फसवलं, आणि त्याने उघड्या ठेवलेल्या दारातून शहाद्याचा एक दलाल माझ्या बायकोच्या आजारापर्यंत जाऊन पोचला. दोघांनीही अजून कबूल केलेलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

माझा धंदा मिरचीचा. नंदुरबारच्या बाहेर माझी पथारी आहे, म्हणजे ओली लाल मिरची उन्हात पसरून वाळवायची मोकळी जागा. वडिलांनी मला काही दिलं नाही, त्यांच्याकडे द्यायलाच काही नव्हतं. मी बैलबाजारात दलाली करत वर आलो. तिथे सौदा उपरण्याखाली होतो. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर उपरणं टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. भोवती कितीही गर्दी असो, आकडा त्या दोघांपुरता. गप्प कसं राहायचं हे मी तिथे शिकलो. बायकोला माझ्या रागाची सवय आहे, पण तोंड सैल सुटल्याची तक्रार तिने कधी केली नव्हती.

गेल्या वर्षी तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. सुरतला ऑपरेशन झालं. नातेवाइकांना आम्ही गुजरातेत देवदर्शनाला गेलो म्हणून सांगितलं. हे तिचंच म्हणणं होतं. पुरुषोत्तमनगरला तिचा सख्खा भाऊ राहतो, त्यालाही कळू द्यायचं नाही, असं तिने मला दवाखान्याच्या खाटेवरून बजावलं. "लोक आजारीले भेटाले नही येतस, दखाले येतस," ती म्हणाली, दखाले म्हणजे बघायला. त्याच्या मुलीचं, तिच्या भाचीचं, लग्न ठरत होतं. त्या मांडवात तिला आजारी बाई म्हणून नव्हे, आत्या म्हणून मिरवायचं होतं. कुणाच्या डोळ्यांत कीव नको होती. मी हो म्हटलं.

आता संगणकाचं. व्यापारी मिरचीचे फोटो मागतात. मी ते फोनवरून पाठवायचो, कधी एकाचे दुसऱ्याला जायचे. शहरात एक संगणक दुरुस्त करणारा आहे, वयाने माझ्या मुलाएवढा, मला काका म्हणतो. तो म्हणाला, दुकानातल्या संगणकावर फोटो ठेवा, मी असं करून देतो की ज्याला परवानगी द्याल तो आपल्या घरी बसून बघेल. मी घासाघीस केली. तो खाली येईना, तेव्हा म्हटलं, "मंग वरून काहीतरी टाक." भाजीवाल्याकडून मिरच्या-कोथिंबीर वरून घेतो तसं. त्याने शोधायचं एक सॉफ्टवेअर फुकट टाकलं. एक शब्द लिहायचा, की त्या शब्दाचं संगणकात असेल नसेल ते सगळं समोर हजर. मला वाटलं, मी जिंकलो.

माझ्या डोक्यात सगळं गावाप्रमाणे लागलेलं असतं. शहाद्याच्या माणसांचं शहाद्यात, रनाळ्याचं रनाळ्यात. जुने व्यापारी असंच करतात. संगणकावरही मी गावांच्या नावाने फोल्डर केले. फोन भरला तेव्हा दवाखान्याचे कागद आणि फोटो तिकडे टाकले, आणि दवाखाना सुरतचा, म्हणून ‘सुरत’मध्ये टाकले. माझ्या सुरतच्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या शेजारी.

शहाद्याच्या त्या दलालाला मी फोटो बघायची परवानगी दिली होती. फक्त फोटो.

एका सकाळी बाजार समितीत लिलाव सुरू व्हायच्या आधी तो माझ्याजवळ आला, आवाज मऊ करून. "भाऊ, वहिनीनी तब्येत आते कशी शे? सुरतले ऑपरेशन व्हयनं ना?"

बाजूला चार-पाच व्यापारी उभे होते.

"तुले कोनी सांगं?"

"आसंच, कानवर उनं."

"कोना कानवर? नाव सांग."

तो हसला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि मिरचीच्या ढिगाकडे गेला. त्या दिवशी मी बोली लावलीच नाही.

दुकानात आलो. डॉक्टर बोलला असेल का, दवाखान्यातला कुणी ओळखीचा निघाला असेल का, असं सगळं मनात फिरवून पाहिलं. मग विचार केला, हा दलाल माझ्याकडून काय काढू बघेल? गेली दोन वर्षं तो एकाच गोष्टीच्या मागे आहे: सुरतचं माझं गिऱ्हाईक कोण. मी त्या शोधायच्या चौकटीत ‘सुरत’ लिहिलं, जसं त्याने लिहिलं असतं. पडद्यावर गिऱ्हाइकाचं नाव आलं, आणि त्याच्या खाली बायकोचं नाव. गाठीचा रिपोर्ट. टाके सुकले का ते बघायला डॉक्टरने मागवलेला तिचा फोटो. तो माणूस चोरी करायला आला होता मिरचीची, आणि त्याच्या हाताला हे लागलं. मी खुर्चीतून उठून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. भर दुपारी. कोण बघत होतं तिथे? पण मला वाटलं, सगळा रस्ता आत बघतो आहे.

संगणकवाल्याकडे गेलो तेव्हा त्याच्या दुकानात गिऱ्हाइकं होती. मी थांबलो नाही.

"मी तुले मिरची दखाडाले सांगेल व्हतं, मन्हं घर नही!"

"काका, बसा ना. चहा सांगू?"

"चहा घाल चुलीत. फोटोंचा फोल्डर सोडून बाकीचं कसं दिसतं त्याला?"

त्याने माझा संगणक आपल्या पडद्यावर उघडला, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, त्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये एक चौकोन असतो. त्यात आधीपासूनच खूण असते. ती काढली नाही, तर ज्याला परवानगी दिली तो फोटो बघतोच, शिवाय सगळ्या संगणकात शोधूही शकतो.

"मग तू ती का नाही काढली?"

"तुम्हीच म्हने ना काका, बठ्ठं एक जागे पाहिजे, नाव टाकं का निंघाले पाहिजे. आन् फुकटनी वस्तू. तिन्हामा कितलं दखाले बसू?"

एक गिऱ्हाईक हसलं. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा थांबलं. मिरची ओली असेल तर मी घेणाऱ्यासमोर पोतं उघडतो, मधून मूठ काढून त्याच्या हातावर ठेवतो. वरून फुकट दिलेल्या मुठीतही सडकी मिरची टाकत नाही. या पोराने पोतं शिवून दिलं आणि आत काय आहे ते सांगितलंच नाही. त्याने खूण काढली, मग विचारलं, "झालं ना काका आता?" मी विचारलं, कुणी कागद उतरवून घेतले असतील तर? "ते मला नाही कळणार," तो म्हणाला, आणि हसलेल्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बायकोला मी काही सांगितलं नाही. लग्न तोंडावर होतं. वाटलं, मांडव पार पडू दे.

पुरुषोत्तमनगरच्या त्या मांडवात मी जेवलो काय, बोललो काय, मला आठवत नाही. मी चेहरे बघत होतो. दोन बायका कुजबुजल्या की मी तिकडे कान लावायचो. ती मात्र खुशीत होती, हिरव्या साडीत, भाचीच्या मागे मागे. हळदीनंतर तिने पाण्याचा हंडा उचलायला हात घातला, तेवढ्यात दलालाची बायको धावत आली. नवऱ्यामुलाकडून त्यांचं काही नातं लागतं, हे मला तिथेच कळलं.

"वहिनी, ऱ्हाऊ द्या! त्या हातवर वजन नका घ्या तुम्ही."

तिने डावा हात धरला होता. बरोबर डावा.

माझी बायको तशीच वाकलेली राहिली. मग हंडा सोडला आणि मांडवाच्या गर्दीतून माझ्याकडे बघितलं. डाव्या हाताने वजन उचलायचं नाही, हे डॉक्टरने आम्हा दोघांना सांगितलं होतं. दवाखान्याच्या त्या कागदांच्या शेवटी लिहिलेलंही आहे. तिच्या लेखी ते माहीत असलेला माणूस मांडवात एकच होता.

लग्न आटोपून घरी आलो. दारात चपला काढताना ती म्हणाली, "कोनले सांगं तुम्ही?"

"कोनलेच नही."

"मंग तिले कसं म्हाईत पडनं?"

मी चौकोन, खूण, शोधायचं सॉफ्टवेअर, ‘सुरत’ सगळं सांगितलं. सांगताना मलाच ते खोटं वाटायला लागलं. ती ऐकत होती, पदराचा काठ बोटाला गुंडाळत.

"संगणकनी सांगं," ती म्हणाली. "आयुष्यभर लोकेस्ना तोंड बंद करत उनात, आते संगणकवर ढकली ऱ्हायनात."

तेव्हापासून ती माझ्यासमोर दवाखान्याचं काही बोलत नाही. पुढच्या तपासणीला भावाला घेऊन जाईन म्हणते, कारण आता त्यालाही कळलंच आहे. तिच्या फोटोचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. तो कुणी कुणी पाहिला, कुणाच्या फोनवर आज आहे, मला माहीत नाही. रस्त्यात कुणी फोनमध्ये बघून हसलं की मी थांबून त्याच्याकडे बघतो.

मला पैसे नकोत, माफीपत्र नको. त्या दलालाने माझ्या ओसरीवर येऊन बसावं. संगणकवाल्यानेही यावं, गिऱ्हाईक सोडून यावं. उपरण्याखाली नाही, उघड्यावर, माझ्या बायकोच्या समोर. एकाने सांगावं की दार मी उघडं ठेवलं. दुसऱ्याने सांगावं की मी आत शिरलो, काय काय पाहिलं, काय उतरवून घेतलं, कुणाकुणाला दाखवलं. तिला खरं काय ते त्यांच्या तोंडून ऐकू द्या. कधी येता, ते सांगा.