सोळा हात रंग आणि एक चीर

मुरबे गावचा प्रफुल्ल पोटापाण्याने मासेमार, पण जीव रंगात. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या की बाकीचे जाळी शिवतात, झोपा काढतात; हा बोटीला रंग देतो, उरला तर दाराला, त्यातूनही उरला तर बायको भावना आपले पाय वेळीच उचलून घेते. इंजिनाला मात्र उरलासुरला नाही. त्याला सोळा वर्षं दरसाल लाल रंगाचा एक खास हात.

यंदा मासेमारी सुरू व्हायला दहा दिवस असताना त्याने इंजिन चालवून पाहिलं, तर ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव लोखंडी धडाच्या, अंगातून पाणी झिरपायला लागलं. वर चांगली वीतभर चीर. जमलेल्या मंडळींनी तिथल्या तिथे सुतक धरलं.

"ब्लॉक गेला रे. नवाच टाक आता."

नवा यायला महिना. तोवर खलाशी काय थांबतात? ते दुसऱ्याच्या बोटीवर चढणार, आणि ऐन हंगामात अख्खं गाव दर्यात असताना प्रफुल्ल घरात, भावनाच्या समोर. दोन रात्री त्याला झोप नाही.

तिसऱ्या दिवशी इंजिन उघडून ब्लॉक टेम्पोतून कुंभवलीला, एकनाथच्या वर्कशॉपात. एकनाथ मूळचा कराडचा. कारखान्यात वीस वर्षं काढून स्वतःचं लेथ मशीन टाकलेला. त्याने चिरेत छिन्नी घातली, तशी रंगाची जाडजूड पापडी निघून हातात आली.

"ओ शेठ, इंजिनाला स्वेटर घातलाय का?"

"दर्याचं पानी लोखंड खाते, भाऊ. म्हनून सोळा वर्षं झाली, दरसाल एक हात देतो."

"सोळा वर्षं? आत लोखंड हाय का, ते तरी बघू."

थिनर आणि तारेचा ब्रश घेऊन दोघांनी तासभर ब्लॉक सोलला. मग एकनाथने रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची भुकटी फासली. चिरेत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. प्रफुल्ल खडूला नाक लावून बघत राहिला. रेघ उमटली. अंगठ्याएवढी. तिथेच थांबली.

"वीतभर तडा रंगाला गेलेला, शेठ. लोखंडाला एवढाच."

"आत सिलेंडरला?"

एकनाथने बॅटरी मारून आतूनही तसंच तपासलं. "काय नाय. फक्त पाणी फिरतं ती बाहेरची भिंत. ओळीनं भोकं पाडून पिना बसवतो, टाके घातल्यासारख्या. चार दिवस."

"मंग नवा?"

"नवा कशाला? ह्यो तुमच्यापेक्षा धडधाकट हाय."

प्रफुल्लने तिथूनच भावनाला फोन लावला. "नवा नाय लागत. टाके घालून देते चार दिवसांत."

"लोखंडाला?"

"हां, लोखंडाला."

"त्याला इचारा, बिलाउज शिवते काय. आपला टेलर महिना लावते."

प्रफुल्ल एवढ्या मोठ्याने हसला की पिना कातायला लागलेल्या एकनाथने लेथ बंद केलं. मग फोन खिशात टाकत त्याने विचारलं, इथे जेवायला काय मिळतं? दोन दिवसांत पहिल्यांदाच भूक लागली होती.