हुकमावर हुकूम

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे आमच्या गावात कुणालाही विचारा. त्या रविवारी तो सगळा लॅपटॉपवर निघत होता. एक सोडून बाकी सगळ्या टेस्ट हिरव्या दाखवत होता मेला, अन् ती एक काही केल्या लालच.

आर्णीच्या कॉम्प्युटर क्लासात मी नाव घातलं तेव्हा घरच्यांना वाटलं, टायपिंग शिकून राह्यली. मला शिकायचं होतं प्रोग्रामिंग. मॅडमनी साफ सांगितलं होतं की रविवारी संध्याकाळपर्यंत जिचा प्रोग्राम सगळ्या टेस्ट पास होईल तिलाच पुढची बॅच, बाकीच्यांनी टायपिंगला बसायचं. टायपिंग तर मला लग्नाआधीपासून येत होतं. ती पुढची बॅच मला पाहिजे म्हणजे पाहिजेच होती.

प्रोग्राम तसा पोरखेळच होता. दोन पत्ते द्यायचे, हुकूम कोणता ते सांगायचं, अन् हात कोणत्या पत्त्याचा ते कॉम्प्युटरने ओळखायचं. मॅडमनी मेंढीकोटचं उदाहरण दिलं तेव्हा मी बाकावरच उडाले. आमच्या घरी दर रविवारी जेवणं झाली की ओसरीत सतरंजी पडते अन् मेंढीकोट रंगतो. मामाजी, म्हणजे माझे सासरे, अन् माझा नवरा एका बाजूने, आत्याबाई, म्हणजे सासूबाई, अन् मी दुसऱ्या बाजूने. पत्त्यांचं मला कोणी काय शिकवणार, असा माझा तोरा होता.

मी झटक्यात अटी लिहिल्या. पहिला पत्ता हुकमाचा असेल, तर हात त्याचा. नाही तर दुसरा हुकमाचा असेल, तर हात दुसऱ्याचा. तेही नसेल अन् दोन्ही पत्ते एकाच रंगाचे असतील, तर मोठा जिंकला. यातलं काहीच नसेल तर उतारी करणारा, म्हणजे पहिला पत्ता जिंकला. किती सोपं! इफ अन् एल्स लिहिताना बोटं नाचत होती माझी. अन् तरी ती एक टेस्ट लाल. कोणते पत्ते चुकले ते कॉम्प्युटर सांगत नाही, नुसता लाल डोळा दाखवतो. शुक्रवारपासून डोक्यात तोच भुंगा. भाकरी थापतानाही मी मनातल्या मनात पत्ते टाकून पाहत होते, अन् दोन भाकरी करपवल्या.

रविवारी पत्ते वाटून झाले तरी मी लॅपटॉप सोडेना. शेवटी नवऱ्याने हाताला धरून सतरंजीवर बसवलं. हुकूम इस्पिक होता. आत्याबाईंनी किलवरचा एक्का उतरला. मामाजींकडे किलवर नव्हती, त्यांनी इस्पिकची सत्ती मारून हात कापला अन् मिशीतल्या मिशीत हसले. पाळी माझी आली. किलवर माझ्याकडेही नव्हती, पण इस्पिकची राणी होती. माझा हात आपोआप बदामाच्या तिर्रीकडे गेला.

अन् तिथेच माझी ट्यूब पेटली.

आमच्या घरी मामाजींच्या हुकमावर हुकूम टाकत नाहीत. असं कोणी बोलून दाखवलेलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी टाकायला गेले तेव्हा आत्याबाईंनी डोळ्यांनी दटावलं होतं, त्या स्वतः कधीच टाकत नव्हत्या, अन् तेव्हापासून मीही नाही. भागीदार म्हणून आम्ही दोघी हारत गेलो, पण मान राखला. हुकमावर हुकूम पडतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं, मग प्रोग्राममध्ये येणार कुठून? माझ्या पहिल्या अटीला हुकूम दिसला की ती त्याला हात देऊन मोकळी, खालच्या अटींकडे पाहतेच कोण! मी कॉम्प्युटरलासुद्धा सून करून ठेवलं होतं.

मी राणी टाकली. चांगली आपटून टाकली.

मामाजी आधी राणीकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. "असा हुकूम आतापर्यंत काहून नाही टाकला वं बाई?" त्यांनी विचारलं.

आनंदाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या हुकमावर आम्ही दोघी कधीच टाकत नाही, मामाजी."

त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई पदराचं टोक नीट करत बसल्या. पुढचं पाहायला मी थांबले नाही, पत्ते तिथेच टाकून लॅपटॉपकडे पळाले. दोन्ही पत्ते एकाच रंगाचे आहेत का, हा प्रश्न सगळ्यात वर नेला. दोन हुकूम समोर आले तर तेही एकाच रंगाचे, मग मोठा जिंकेल. रंग वेगळे असतील तरच हुकमाची चौकशी. बटण दाबलं. एकेक टेस्ट हिरवी होत गेली अन् शेवटचीही झाली. मी अशी किंचाळले की शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन विचारून गेल्या. प्रोग्राम पाठवला, पुढच्या बॅचचा पहिला धडा तिथल्या तिथे उघडला, अन् मला रडूच आलं. नवरा हसत होता, मी त्याच्यावरही चिडले.

मामाजी मात्र सगळे पत्ते गोळा करून पिसत बसले होते. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही. त्यांनी नव्याने पत्ते वाटले अन् म्हणाले, "बसा. अन् आता मले कोणी सोडू नका."

आम्ही नाही सोडलं. आत्याबाईंनी तर त्यांचे दोन हुकूम असे खाल्ले की मी बघतच राहिले. शेवटी एकेक पान उरलं. माझ्याकडे हुकमाची राणी होती, मी ती उतरली. नवऱ्याला नाइलाजाने शेवटची मेंढी, चौकटीचं दहाचं पान, तिच्यावर टाकावं लागलं. आत्याबाईंनी छक्की टाकली. मेंढी आमची, डाव आमचा, म्हणून मी हात पुढे केला.

मामाजींनी हुकमाचा राजा ठेवला.

मला इतका राग आला म्हणता! मी तोंड फुगवून बसले. मामाजींनी ती चार पानं लगेच उचलली नाहीत. त्या पानांकडे पाहून म्हणाले, "आज जिंकलो मी. पहिल्यांदा."