अंगकाठीचा नियम

रविवारी दुपारी गोखिवऱ्यात माझ्या मामेभावाच्या गाळ्यात आम्ही चौघं खेळायला बसतो. गाळ्यात बाटल्यांची झाकणं बनतात. रविवारी मशीन बंद असतं, पण गरम प्लास्टिकचा वास काही सुट्टी घेत नाही. झाकणांच्या खोक्यांवर प्लायवूड टाकलं की झालं टेबल. खेळ कागदाचा आणि फाशांचा. प्रत्येकाचं एक पात्र, त्या पात्राचा एक कागद, आणि कागदावर त्याचं बळ, चपळाई, तग असे आकडे. मी गोष्ट सांगते, बाकीचे आपापलं पात्र काय करतंय ते बोलतात, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी हे काय पोरखेळ मांडलेत, असं आमच्या गास गावातल्या घरी सगळ्यांना वाटतं. वाटू दे.

भाऊ मांत्रिक आहे. वहिनी आठवडाभर गाळ्याची बिलं, दोन पोरं आणि सासू सांभाळते आणि रविवारी तिचा योद्धा समोर येईल त्याला कुऱ्हाडीने तोडतो. चौथी माझी कॉलेजातली मैत्रीण. ती अर्नाळ्याची, घरची होडी असलेली. एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. उंच आहे, खांद्यांनी रुंद आहे, गाळ्याच्या मागच्या दारातून वाकून यावं लागतं. खेळात मात्र ती गुडघ्याएवढी चोर आहे. बरणीत लपणारी, सुक्या बोंबलांच्या टोपलीत शिरून पहारेकऱ्याच्या पायाखालून निघून जाणारी.

या खेळात अंगकाठी बदलली की बाकीचे आकडेही बदलतात, आणि त्यावर आमची जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावर झाली नसतील. मोठं झालं की बळ वाढतं, हात लांब पोचतो, फटका जोरात बसतो. पण चपळाई उतरते, लपणं संपतं, आणि समोरच्याला नेम धरायला तुम्ही सोपे होता. लहान झालं की सगळं उलट. वहिनीला हे पटायचं नाही. तिचं म्हणणं, मोठं झालं की सगळंच चांगलं व्हायला हवं, नाहीतर मोठं व्हायचं कशाला? वजनावरून तर ती हटूनच बसली होती. उंची दुप्पट म्हणजे वजन दुप्पट, यात काय एवढं? शेवटी भावाने झाकणांची खोकी रचून दाखवली. उंचीला दोन, रुंदीला दोन, खोलीला दोन. खोकी लागली आठ. वहिनी खोक्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग गुडघे दुखणारच की गं मोठ्या माणसाचे." नियमांच्या पुस्तकात गुडघ्यांचं काही नाही, पण तिचं चुकलं नव्हतं.

मैत्रिणीने असला वाद कधी घातला नाही. तिला लहान राहायचं होतं, बस्स. एकदा अर्नाळ्याला तिच्या अंगणात वाळत घातलेली मासळी उलथायला मदत करत होते, तेव्हा मी विचारलं, एवढा दुबळा फटका असलेलं पात्र घेऊन काय मिळतं तुला? तिने हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाली, शाळेच्या स्नेहसंमेलनात कोळीनाच असायचा आणि पोरगे कमी नव्हते, तरी मी कायम पुरुषाच्या वेषात, नाखवा. फोटोत मागे उभी राहा. बापाच्या होडीत मी माणूस नव्हतेच गं, वजन होते. इकडे बस, तिकडे सरक. लॅबमध्ये पाण्याचा जार चढवायचा झाला की पुरुष माझ्याकडे बघतात. "रविवारी तेवढे दोन-तीन तास मना कोन काय उचलायला सांगत नाय. ते गेलं ना बाय, तर मी नाय येनार." घरची बोली तिच्या तोंडी फक्त रागात किंवा खरं बोलताना येते. तेव्हा ती रागात नव्हती.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? तिला जे हवं होतं ते तिला मिळत होतं.

मग गेल्या पावसाळ्यानंतरचा एक रविवार. गोष्टीत तिघं एका छोट्या होडीतून खाडी ओलांडत होते आणि मी त्यांच्यावर मगर सोडली. फासे वहिनीच्या विरोधात पडत गेले. तिचा योद्धा बेशुद्ध होऊन होडीच्या तळाशी पडला. चोराची सुरी मगरीच्या पाठीवर नुसती घसरत होती. भावाकडे एकच मोठा मंत्र उरला होता, अंगकाठी वाढवण्याचा. आता पाळी त्याची होती.

त्याने हात चोळत सांगून टाकलं, "मी हिला तीन पायऱ्या मोठी करतो. विषय संपला!"

तीन पायऱ्या म्हणजे उंची तीनदा दुप्पट. गुडघ्याएवढी चोर घराच्या छपराएवढी. भाऊ तर सुटलाच. बळ एवढं, पोच एवढी, फटक्याला मोठे फासे, वहिनी टाळ्या वाजवतेय, आणि मी पेन्सिल घेऊन तिच्या चपळाईतून वजा करायचं ते करतेय. मैत्रीण म्हणाली, "नको."

"अगं फायदा आहे तुझा!"

"दादा, नको म्हटलं ना."

"काय नको? खेळ आहे. आणि शोभेल की तुला," भाऊ हसत म्हणाला. "तुला काय वेगळं ॲक्टिंग करावं लागणार आहे?"

भाऊ वाईट माणूस नाही. थट्टा करताना त्याला ब्रेक नाही, एवढंच. पण त्या क्षणी नियमांचं जाड पुस्तक त्याच्या डोक्यात घालावं असं मला मनापासून वाटलं.  मैत्रीण फासे पिशवीत भरायला लागली, एकेक करून. तिला मी ओळखते. पिशवीची नाडी ओढली गेली असती, तर ती परत आली नसती.

मी पुस्तक उघडलं, डोक्यात घालायला नव्हे. तिथे साधं लिहिलं होतं की ज्याच्यावर मंत्र पडतोय तो राजी नसेल, तर त्याला विरोधाचा फासा मिळतो. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. इतक्या वर्षांत राक्षसांनी तो फासा टाकला होता, दरोडेखोरांनी टाकला होता, एका बकरीनेसुद्धा टाकला होता. आपल्यातल्या आपल्यात कुणी कधी टाकला नव्हता. आमच्याकडे पद्धतच तशी आहे. घरच्या माणसाला काय विचारायचं? बाहेरच्याला विचारतात. घरच्याचा होकार धरूनच चालायचं, त्याचं ताट वाढून ठेवायचं, त्याच्या नावावर काम लावून ठेवायचं. टेबलावरही आम्ही तेच करत होतो आणि कुणाला ते खुपलं नव्हतं.

मी म्हटलं, "तिला फासा मिळतो."

भाऊ उखडला. "स्वतःच्या माणसाला विरोध? आणि हिने विरोध केला, तर मगर तिघांनाही खाईल. वहिनीने तिचा योद्धा चार वर्षं खेळून वाढवलाय!" स्वतःच्या बायकोला तो टेबलावर वहिनी म्हणतो, आमचं ऐकून.

"शिवाय तुम्ही होडीत आहात," मी म्हटलं. "तीन पायऱ्या म्हणजे आठ गुणिले आठ गुणिले आठ. दहा किलोची चोर पाच टनांच्या वर जाते."

 होडी भाऊ साफ विसरला होता. आमच्या दोघांच्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठी भात लावला, पण पाण्यात कुणी गेलं नाही. मला हायसं वाटलं. ही चांगली वाट निघाली होती, कुणाचं मन न दुखवता. मी मैत्रिणीकडे वळून म्हटलं, "होडी बुडेल म्हणूनच तू नको म्हणतेयस ना?"

तिने नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाय," ती म्हणाली. "होडीचं कारन नको लावू. जमिनीवर असतो तरी नको. मना नाय व्हायचं मोठं."

मशीनच्या मागे कुठेतरी पाण्याची मोटर चालू झाली. भावाने मान खाली घातली आणि म्हणाला, "बरं, मी मंत्र मागे घेतो." पण बोललेली चाल मागे घ्यायची नाही, हा आमच्या टेबलाचा नियम. तो मीच केलेला, आणि त्याच्याच सततच्या मागे घेण्याला कंटाळून केलेला. मी काही बोलायच्या आत मैत्रिणीने पिशवीतून फासा काढला. "बोलला ना तो? मग मी टाकते," ती म्हणाली.

वीस बाजूंच्या फाशावर चार आले. चौदा तरी हवे होते.

नियम म्हणजे नियम. मी सांगितलं तेव्हा माझा आवाज मलाच आवडला नाही. चोर वाढली. होडी उलटली. मगर घाबरून खोल पाण्यात निघून गेली. चोर उभी, कमरेएवढ्या पाण्यात, पाय चिखलात. मांत्रिक पोहत काठाकडे. बेशुद्ध योद्धा पाण्याखाली.

"तुझी पाळी," मी मैत्रिणीला म्हटलं.

भाऊ घाईने म्हणाला, "अगं सोपं आहे. वाक आणि उचल त्याला. एका हाताने येईल."

ती फाशाकडे बघत होती.  मग म्हणाली, "नाय उचलत."

आता वहिनी भडकणार, असं मला वाटलं. त्या योद्ध्यावर तिचा जीव होता. पोरांच्या परीक्षा, सासूचं ऑपरेशन, सगळ्यातून तिने रविवार काढले होते त्याच्यासाठी. भावालाही तेच वाटलं असणार. "अगं सांग ना हिला," तो वहिनीला म्हणाला.

"काय सांगू?" वहिनी म्हणाली. "बुडू दे."

"चार वर्षांचा आहे तो!"

"माझा आहे ना? त्याला पोहता येत नाही, ते हिच्या डोक्यावर कशाला?"

तिने योद्ध्याचा कागद उचलला आणि फाडला. दोन तुकडे, मग चार. मैत्रीण रडायला लागली, आवाज न करता, एवढे मोठे खांदे हलवत. मी उगी म्हणायला पुढे सरकले, तर वहिनीने मला डोळ्यांनीच थांबवलं.

थोड्या वेळाने मैत्रिणीने ओढणीने तोंड पुसलं आणि सवयीने उठायला लागली. "चहा टाकते," म्हणाली.

"बस तू," वहिनी म्हणाली. "आज हा टाकेल."

भाऊ उठला. कोपऱ्यातल्या शेगडीपाशी गेला, पातेलं हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला आणि मग स्वतःच्याच गाळ्यात साखर कुठे असते ते आम्हाला विचारायला लागला.